आईची वही: फोन बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
स्मार्टफोन बनवणाऱ्या कंपन्या, आणि फोनमधलं कॉलचं व मेसेजचं अ‍ॅप लिहिणारे सगळे अभियंते आणि डिझायनर यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

माझी आई ७८ वर्षांची आहे. डोळे चांगले आहेत, कानांनी थोडं कमी ऐकू येतं. तिच्या फोनशेजारी एक दोनशे पानी वही असते. नको असलेला फोन आला की ती आधी वहीत नोंद करते आणि मग तो नंबर ब्लॉक करते. ब्लॉक कसं करायचं ते तिला मी शिकवलं: कॉलच्या यादीत जायचं, नंबरावर बोट दाबून धरायचं, ‘ब्लॉक’ निवडायचं. वहीत लिहायला मात्र तिला कोणी सांगितलेलं नाही. ती तिची स्वतःची पद्धत. पट्टीने रेघा मारून तिने तीन रकाने आखलेत: तारीख, नंबर, काय म्हणाला.

गेल्या महिन्यात मी ती वही पहिल्या पानापासून वाचली. सुरुवातीच्या नोंदी साध्या आहेत. ‘कर्ज हवं का.’ ‘बक्षीस लागलंय म्हणे.’ ‘काही बोललाच नाही.’ ‘एकच रिंग.’ मग तिसऱ्या रकान्यात एक नवी नोंद येऊ लागते: ‘तोच आवाज, नंबर दुसरा.’ दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुढे एवढं लिहायचाही तिला कंटाळा आला असावा. एका पानावर एकाखाली एक सात वेळा नुसतं ‘तोच’ लिहिलेलं आहे. शेजारच्या रकान्यात सात वेगळे नंबर. सातही तिने ब्लॉक केलेले.

ते पान मला तुमच्यापुढे ठेवायचं आहे. आईला त्रास देणारा माणूस एक आहे आणि तुमचं बटण अडवतं नंबर. ती नंबर अडवत राहते, तो नंबर बदलत राहतो. तिच्या फोनातली ब्लॉक यादी दोनशेच्या वर गेली आहे आणि फोन यायचे थांबलेले नाहीत. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून ते नीट मांडते. तुम्हाला यातलं बरंच माहीत असणार, पण हे पत्र इतरही वाचतील.

पडद्यावर दिसणारा नंबर ही फोन करणाऱ्या बाजूने दिलेली माहिती असते. टेलिफोनची जाळी एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती, सिग्नलिंग सिस्टिम क्रमांक ७, साधारण १९८० च्या सुमारास प्रमाण म्हणून ठरली. तेव्हा फोन चालवणाऱ्या संस्था मोजक्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच सरकारी होत्या आणि त्यांचा एकमेकींवर विश्वास होता. ‘हा फोन अमुक नंबरावरून आलाय’ असं एकीने सांगितलं की दुसरी ते मान्य करायची. पुढे इंटरनेटवरून फोन करणं स्वस्त झालं, जाळ्यात शिरायच्या वाटा वाढल्या आणि त्या विश्वासाला कुलूप लावायचं राहून गेलं. आज एखादा प्रोग्राम प्रत्येक कॉलला नवा नंबर चिकटवू शकतो. पुष्कळदा तो मुद्दाम तुमच्याच नंबरासारखे सुरुवातीचे आकडे घेतो, म्हणजे जवळपासचंच कोणी आहे असं वाटून तुम्ही फोन उचलाल. आणि असा उसना नंबर प्रत्यक्षात एखाद्या निरपराध माणसाचा असू शकतो. त्याने फोन केलेलाच नसतो, पण ब्लॉक तो होतो. वर संतापलेले लोक उलट फोन करून त्याला बोल लावतात ते वेगळंच.

मेसेजची गोष्ट याहून जुनी नाही आणि याहून बरीही नाही. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. तो त्याने संगणकावरून पाठवला होता, कारण तेव्हाच्या फोनवर अक्षरं टाइप करायची सोयच नव्हती. म्हणजे मेसेजच्या पलीकडे कोणाच्या तरी हातातला फोन असेलच, असं पहिल्या दिवसापासून नव्हतं.

यावर उपाय चालू आहेत, ते मी नाकारत नाही. अमेरिकेत मोठ्या दूरसंचार कंपन्यांना ३० जून २०२१ पर्यंत ‘स्टर-शेकन’ नावाची पद्धत इंटरनेटवर चालणाऱ्या जाळ्यात लागू करायला सांगितलं गेलं. त्यात फोन पाठवणारी कंपनी कॉलवर एक डिजिटल सही करते आणि किती भरवसा ठेवावा त्याची ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी प्रत देते. ग्राहकही ओळखीचा आणि हा नंबर वापरायचा त्याला हक्कही आहे, तर वरची प्रत. ग्राहक ओळखीचा पण नंबराची खात्री नाही, तर मधली. कॉल बाहेरून आला आणि आपण फक्त पुढे ढकलला, तर खालची. चांगली योजना आहे. पण वाटेत जुन्या पद्धतीचं जाळं लागलं की सही गळून पडते. आणि सही टिकली तरी ती नंबर खरा असल्याची ग्वाही देते. फोन करणाऱ्याची नियत ती सांगू शकत नाही. ‘फोन करू नका’ म्हणणाऱ्यांच्या सरकारी याद्याही आहेत, अमेरिकेत २००३ पासून, भारतात २००७ पासून. त्या याद्या नियम पाळणाऱ्याला थांबवतात. आईच्या वहीतला ‘तो’ यादी बघून फोन करत नाही.

जाळं तुमच्या हातात नाही, हे मला समजतं. पण फोन तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

आता माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढची मागणी कळायची नाही.

वही वाचून मला इतका संताप आला की मी आईच्या फोनात अनोळखी नंबरांना गप्प करणारी सोय चालू केली. जो नंबर सेव्ह केलेला नाही त्याची रिंग वाजणारच नाही. दोन आठवडे घरात शांतता होती. वहीत एकही नोंद नाही. आई म्हणाली, हे आधीच का नाही केलंस? मलाही वाटलं, का नाही केलं?

आई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. त्यासाठी तिचं रक्त अधूनमधून तपासावं लागतं आणि आकडा वरखाली झाला की दवाखान्यातून फोन करून डोस बदलायला सांगतात. त्या वेळी त्यांनी एकाच दिवसात तीनदा फोन केला होता. नंबर सेव्ह केलेला नव्हता. फोन तिन्ही वेळा टेबलावर गप्प पडून राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सहज कॉलची यादी उघडली तेव्हा कळलं. तोवर तिने जुन्याच डोसच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. पुढे काही विपरीत झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ती सोय मी माझ्या हाताने चालू केली होती.

मग वहीत मागे जाऊन पाहिलं तर आणखी एक गोष्ट सापडली. दोन महिन्यांपूर्वीची नोंद: ‘यंत्र बोललं. महत्त्वाची सूचना म्हणे.’ नंबर ब्लॉक. आणि त्याच ओळीच्या कडेला नंतर पेन्सिलीने लिहिलेलं: ‘हा आपल्याच दवाखान्याचा निघाला.’ चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. खऱ्या दवाखान्याचे नंबर मोजकेच असतात, त्यातला एक ब्लॉक झाला की झाला. खोट्याकडे हवे तितके नंबर असतात. ब्लॉक करण्याची सध्याची रीत प्रामाणिक माणसाला जास्त महागात पडते, आणि हे तुम्ही मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

म्हणजे आज आईपुढे दोनच वाटा आहेत. एक, प्रत्येक नव्या नंबराशी एकेकटीने झुंजत राहायचं. दुसरी, सगळ्या अनोळखी जगाला दार लावून घ्यायचं. पण वयस्कर माणसाला येणारे खरोखर महत्त्वाचे फोन पुष्कळदा अनोळखी नंबरावरूनच येतात. दवाखाना, रुग्णवाहिका, रस्त्यात कोणाला काही झालं तर मदत करणारा परका माणूस, फोन हरवलेली नात. यातलं कोणीही आधी नंबर सेव्ह करा म्हणून सांगायला येत नाही.

तिसरी वाट आहे, आणि ती तुमच्यातल्याच काहींनी काढलेली आहे. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल ३ बरोबर अशी सोय आणली की फोन स्वतःच कॉल घेतो, कोण बोलतंय आणि काय काम आहे ते विचारतो आणि समोरच्याचं उत्तर अक्षरांत पडद्यावर दाखवतो. अ‍ॅपलने २०२५ मध्ये आयओएस २६ मध्ये, म्हणजे आयफोन चालवणाऱ्या प्रणालीच्या त्या आवृत्तीत, तसंच काहीसं दिलं. कोणत्याही घरात दार वाजलं की आतून ‘कोण आहे?’ असं विचारतात. उत्तर ऐकून मग कडी काढायची की नाही ते ठरतं. फोनला एवढी साधी गोष्ट शिकायला इतकी वर्षं लागली याचं मला वाईट वाटतं, पण शिकला याचा आनंद त्याहून जास्त आहे. आईच्या वहीतला तिसरा रकाना, ‘काय म्हणाला’, ही सोय भरून देते. तेही फोन उचलण्याआधी.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी ही आहे की ही सोय निवडक महाग फोनांपुरती आणि निवडक भाषांपुरती ठेवू नका. जिला तिची सगळ्यात जास्त गरज आहे ती बाई तुमचा सगळ्यात साधा फोन वापरते आणि तिला फोन करणारी माणसं तिच्या भाषेत बोलतात. प्रश्न विचारणारा आवाज त्या भाषेत बोलला पाहिजे आणि उत्तर त्या लिपीत दिसलं पाहिजे. दवाखान्यातल्या घाईतल्या परिचारिकेला यंत्राचा आवाज ऐकून वाटायला नको की फोन चुकीच्या जागी लागला. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा की हा अमक्यांचाच फोन आहे, तुमचं काम बोला, त्यांना ते दिसतंय. आवाजाची अक्षरं फोनमध्येच होऊ द्या, ती कोणत्या सर्व्हरवर साठवू नका. आणि जोवर ही सोय सर्वांपर्यंत पोचत नाही, तोवर गप्प करण्याच्या सोयीला निदान एक फट ठेवा. ‘व्यत्यय नको’ची सोय चालू असताना तुम्ही ती ठेवलीच आहे: एकाच नंबरावरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायचा. आयफोनवर हा अवधी तीन मिनिटांचा आहे, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांचा. अडलेला माणूस लगेच पुन्हा फोन करतो, हे ज्याच्या लक्षात आलं त्याने माणसं पाहिलेली आहेत. तीच फट अनोळखी नंबरांच्या सोयीतही द्या. दवाखान्याने लगेच पुन्हा केलेला फोन त्या फटीतून आत आला असता.

अशीच आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तुम्ही आयफोनवरून आपत्कालीन सेवेला फोन केला असेल, तर पुढचे चोवीस तास अनोळखी नंबर गप्प करायची सोय आपोआप थांबते, कारण मदत करणारे उलट फोन करू शकतात. हे ज्याने सुचवलं त्याला माझा मनापासून नमस्कार सांगा. अशी माणसं तुमच्याकडे आहेत म्हणून तर एवढं लांबलचक पत्र लिहायचा धीर होतो.

आता शब्दांबद्दल. ‘अनोळखी’ या शब्दाचे तुम्ही दोन अर्थ करून ठेवले आहेत. एका फोनात ‘अनोळखी’ म्हणजे आपण सेव्ह न केलेला नंबर. दुसऱ्या फोनात ‘अनोळखी’ म्हणजे ज्याने स्वतःचा नंबर लपवलाय तो. दोन बहिणींकडे दोन कंपन्यांचे फोन असतात आणि एक दुसरीला सांगते, ‘अनोळखी ब्लॉक कर, मी केलंय, एकदम शांत झालंय.’ दुसरी करते आणि काहीच बदलत नाही, कारण तिच्या फोनात त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. हे माझ्याच मावशीच्या बाबतीत झालं. तिने अर्धा दिवस स्वतःला दोष दिला, आपल्याला फोनच कळत नाही म्हणून. ‘सेव्ह नसलेले नंबर’ आणि ‘नंबर लपवणारे’ असे सरळ शब्द लिहायला काय अडचण आहे?

ब्लॉक यादीकडेही एकदा वहीशेजारी ठेवून पाहा. बहुतेक फोनांत त्या यादीत नुसते आकडे असतात. कधी ब्लॉक केला, का केला, काही नाही. दोनशे नंबरांच्या त्या ढिगात आईच्या दवाखान्याचा नंबर शोधायला मला वहीच काढावी लागली. शिवाय नंबर कायम एकाच माणसाकडे राहत नाही. सोडून दिलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. चार वर्षांपूर्वी त्रास देणाऱ्याचा नंबर आज एखाद्या नव्या डॉक्टरकडे असेल आणि तुमची यादी त्याला जन्मभर दाराबाहेर उभं करील. तारीख लिहा, कारण लिहायला एक ओळ द्या, आणि वर्षभराने विचारा, ‘हा अजून ठेवायचा का?’ अनेक नंबर एकाच आकड्यांनी सुरू होत असतील तर तो सगळा पट्टा अडवायची सोय काही फोनांत आहे, पुष्कळांत नाही. ती सर्वत्र द्या. आईच्या सात ‘तोच’पैकी पाच नंबरांचे पहिले सहा आकडे सारखे होते.

अँड्रॉइडने २०१६ मध्ये, सातव्या आवृत्तीत, कॉल आणि एसएमएस दोघांसाठी एकच ब्लॉक यादी केली हे बरं झालं. पण इंटरनेटवरून बोलण्याचं प्रत्येक अ‍ॅप आपली वेगळी यादी ठेवतं. फोनवर अडवलेला नंबर तिथून पुन्हा येतो आणि आई मला विचारते, ‘मी तर याला ब्लॉक केला होता ना?’ तिच्या दृष्टीने फोन एकच आहे, आणि तिचं बरोबर आहे.

मेसेजबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे ब्लॉक करणं जवळजवळ निरुपयोगी ठरतं आणि नुकसान मोठं होतं. मेसेज पाठवणाऱ्याच्या नंबराऐवजी ११ अक्षरांपर्यंतचं नावही लावता येतं. बँका, दवाखाने, सरकारी कार्यालयं तेच करतात. जिथे या नावांवर नीट पहारा नाही तिथे तेच नाव दुसराही लावू शकतो. तुमचं अ‍ॅप नाव पाहतं आणि सारख्या नावाचे मेसेज एकाच गठ्ठ्यात बांधतं. त्यामुळे बँकेच्या खऱ्या ओटीपीच्या खाली, त्याच संभाषणात, ‘तुमचं खातं आज बंद होणार, इथे दाबा’ असा खोटा मेसेज येऊन बसतो. आईने मला तसा एक दाखवला होता. मी म्हटलं, खोटा आहे. तिने विचारलं, ‘बँकेच्याच खाली आलाय, मग खोटा कसा?’ माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. आणि त्याला ब्लॉक करू म्हटलं तर बँकच ब्लॉक होते.

खोट्याला खऱ्याच्या शेजारी बसवायचं काम तुमचं अ‍ॅप करतं, अजाणता का होईना. म्हणून तिथे दुरुस्तीही तुम्हीच करायला हवी. नावाने आलेल्या मेसेजमधली लिंक एका स्पर्शाने उघडू देऊ नका. आधी ती लिंक नेमकी कोणत्या पत्त्यावर नेते ते मोठ्या अक्षरांत, पूर्ण दाखवा. या संभाषणात आजवर कधी लिंक आलेली नसेल आणि आज पहिल्यांदा आली असेल, तर तसं सांगा. एवढं तर फोनला स्वतःच्या आठवणीतून कळतं. आणि एखादी पळवाट सापडली की ती लवकर बुजवा. अ‍ॅपलच्या मेसेजमध्ये अनोळखी माणसाने पाठवलेली लिंक आधी उघडतच नाही, हे चांगलं आहे. पण आपण त्याला उत्तर दिलं की ती उघडते. हे कळताच ठग लिहू लागले, ‘वाय असं उत्तर पाठवा आणि मग लिंक उघडा.’ एका अक्षराच्या उत्तराला ओळख मानू नका.

काही खोटे मेसेज तर दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून येतच नाहीत. ठग एक छोटं यंत्र घेऊन फिरतात, ते टॉवर असल्याचं भासवतं, आसपासच्या फोनांना २जीवर, म्हणजे मोबाइलच्या जुन्या, दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावर, ओढतं आणि थेट मेसेज टाकतं. २जीमध्ये फोनला आपली ओळख टॉवरला पटवून द्यावी लागते, टॉवरला मात्र फोनला काहीच पटवून द्यावं लागत नाही. त्या एकतर्फी विश्वासाचा हा फायदा. अँड्रॉइडने २०२१ मध्ये बाराव्या आवृत्तीपासून, ज्या फोनांत जमेल तिथे, २जी बंद करायचं बटण दिलं आणि ते बंद असतानाही आपत्कालीन फोन लागेल अशी काळजी घेतली. आयफोनवर २०२३ पासून ‘लॉकडाउन मोड’ या कडक सुरक्षेच्या सोयीत २जी बंद होतं. पण हे बटण आहे हे किती जणांना ठाऊक आहे? मी जितक्या नातेवाइकांचे फोन लावून दिले त्यांतल्या एकालाही नव्हतं. सगळ्यांचं २जी सरसकट बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण काही भागांत अजून तेवढंच पोचतं. पण फोन पहिल्यांदा चालू करताना इतके प्रश्न विचारता, त्यात दोन सोप्या वाक्यांत हाही विचारा.

वहीतल्या ‘एकच रिंग’ या नोंदीविषयी एवढंच. या फसवणुकीला जपानी भाषेत ‘वनगिरी’ म्हणतात, म्हणजे एक रिंग देऊन तोडणं. कुतूहलापोटी उलट फोन करणाऱ्याला महागड्या परदेशी नंबराचं बिल येतं. कधीही न बोललेल्या परदेशी नंबराला उलट फोन लावण्याआधी फोनने थांबून देशाचं नाव आणि ‘पैसे पडतील’ एवढं दाखवलं तरी पुष्कळ माणसं वाचतील. तसंच, यंत्राने बोलणारा कॉल ‘आमचे फोन बंद करायचे असतील तर नऊ दाबा’ असं सांगतो, आणि नऊ दाबणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण: या नंबरावर खरं माणूस आहे आणि ते शेवटपर्यंत ऐकतं, एवढी पक्की खबर पलीकडे जाते. आईने तीनदा नऊ दाबलं होतं. सभ्य माणूस सांगितलेलं ऐकतो आणि तिने ऐकलं. कॉल अनोळखी असेल आणि कोणी कीपॅड उघडत असेल, तर तिथे एका ओळीची सूचना देणं तुम्हाला अवघड नाही.

एक गोष्ट करू नका, अशीही विनंती आहे. ‘कोणाचा फोन ते आम्ही सांगतो’ म्हणणारी बाहेरची अ‍ॅप बरेच लोक नाइलाजाने घेतात, आणि त्यांतली कित्येक बदल्यात सगळी संपर्कयादी मागतात. त्या यादीत माझा नंबर असतो, आईचा असतो, ज्यांनी ते अ‍ॅप कधी पाहिलंही नाही अशांचे असतात. आपलं दार राखायला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या किल्ल्या देऊन टाकण्यासारखं आहे हे. आणि हे टाळता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. आयओएस १० मध्ये, २०१६ साली, अशा अ‍ॅपने आपली यादी फोनला आधीच द्यायची आणि जुळणी फोनने करायची अशी रचना आली. कोणाचा फोन आला हे अ‍ॅपला कळतच नाही. २०२४ मध्ये आयओएस १८ ने त्यापुढे जाऊन, सर्व्हरला नंबर न कळू देता त्याच्याकडून उत्तर मिळवायची सांकेतिक पद्धत दिली. गणित तयार आहे. तेव्हा सुरक्षितता हवी तर खासगीपण सोडा, असा सौदा यापुढे कोणी आमच्यापुढे ठेवू नये, आणि ठेवणाऱ्या अ‍ॅपला तुम्ही वाट देऊ नये.

तक्रारीचं बटणही सगळीकडे सारखं नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्रासदायक मेसेज ७७२६ या नंबराला पुढे पाठवता येतो; जुन्या कीपॅडवर हे आकडे म्हणजे ‘स्पॅम’ शब्दाची अक्षरं. ब्लॉक करताना तक्रारही त्याच स्पर्शात, आपापल्या देशातल्या योग्य ठिकाणी जावी, आणि पुढे तिचं काय झालं ते कधीतरी कळावं. आई दोनशे वेळा ब्लॉकचं बटण दाबून बसली आहे. त्या दोनशे खुणा तिच्या फोनातच पडून राहिल्या. तिच्यासारख्या हजारो बायका त्याच आवाजाला वेगवेगळ्या नंबरांवर अडवत असतील. या खुणा एकत्र आल्या, माणसांची नावं बाजूला ठेवून, तर ‘तोच’ हे तुम्हालाही दिसेल.

तूर्त मी आईच्या फोनातली गप्प करण्याची सोय बंद केली आहे आणि दवाखान्याचे मिळाले तेवढे सगळे नंबर सेव्ह करून दिले आहेत. वही पुन्हा सुरू झाली आहे. तुमच्यापैकी कोणाला पाहायची असेल तर नंबर झाकून पानं पाठवायची आईची तयारी आहे. हे पत्र तिला वाचून दाखवलं तेव्हा तिने एकच गोष्ट घालायला सांगितली: तो माणूस काय म्हणतो ते पडद्यावर लिहून येणार असेल तर अक्षरं मोठी ठेवा, आणि तिने वाचून होईपर्यंत त्याला थांबवून धरा.

आपली,
आईचा फोन लावून देणारी एक लेक